एचआयव्ही चाचणी आणि गुप्तता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआयव्ही कसा होतो आणि कसा होत नाही, हे इथे नाही. हे प्रश्न अशा माणसाचे आहेत, ज्याचं चाचणी करायचं ठरलंय, पण आपलं नाव, रिपोर्ट, बिल कुठे कुठे फिरेल या धास्तीनं पाऊल अडलंय. ही धास्ती खुळी नाही. माहिती फुटल्याची उदाहरणं आहेत, त्यांतली काही खाली येतील. ती वाचली की एक गोष्ट ध्यानात येते : चाचणीच्या यंत्रापाशी काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते आजूबाजूला. पाकिटावर, मेलच्या यादीत, काउंटरवर, घरात टेबलावर पडलेल्या फोनमध्ये. त्यामुळे बराचसा बंदोबस्त तुम्हाला स्वतःला, आधीच करता येतो.

गोपनीय चाचणी म्हणजे निनावीच ना?

नाही, आणि हा घोळ चाचणीच्या आधीच मिटवलेला बरा. गोपनीय चाचणीत तुमचं नाव घेतात. ते नोंदवहीत किंवा संगणकात चढतं, रिपोर्टवर छापून येतं. ठरावीक लोकांपलीकडे ते जाऊ द्यायचं नाही, एवढं बंधन त्या केंद्रावर असतं. निनावी चाचणीत नाव विचारतच नाहीत. तुम्हाला एक क्रमांक मिळतो, तोच नमुन्याच्या नळीवर चिकटवतात आणि तोच दाखवून निकाल घ्यायचा. क्रमांकाची चिठ्ठी हरवली तर निकालही गेला. तुम्ही कोण हे केंद्रालाच माहीत नाही, तर ते तुम्हाला शोधणार कसं?

निनावी चाचणी सगळीकडे मिळत नाही. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य कार्यालयांत मिळते, सिंगापूरमध्ये तिच्यासाठी खास केंद्रं आहेत, अमेरिकेत काही राज्यांत आहे आणि काहींत नाही. पुष्कळ ठिकाणी वाट्याला येते ती गोपनीय चाचणीच.

दोन्हींची सोय असेल तर कोणती निवडू?

नाव कुठेच नोंदलं जाऊ नये हाच मुख्य घोर असेल तर निनावी. निकाल निगेटिव्ह आला की विषय तिथेच संपतो. पॉझिटिव्ह आला तर मात्र पुढचे उपचार निनावी राहून होत नाहीत. रोजची औषधं, रक्ताच्या पुढच्या तपासण्या, ठरावीक काळानं भेटी, या सगळ्याला कुणाच्या तरी नावाची फाइल लागते, आणि बहुधा चाचणीही नव्यानं, नावासकट करावी लागते. रिपोर्ट कुठे दाखवायचा असेल तरी निनावी कागद कामाचा नाही, कारण तो तुमचाच आहे हे सिद्ध करता येत नाही.

माझं मत विचाराल, तर नावासकटची चाचणी पुढच्या वर्षी करण्यापेक्षा निनावी या आठवड्यात केलेली बरी.

खोटं नाव सांगितलं तर?

लोक सांगतात, आणि केंद्रातल्या माणसांनाही ते ठाऊक असतं. निकाल निगेटिव्ह आला तर सहसा काही अडत नाही. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. खोट्या नावाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट खऱ्या नावाच्या उपचारांना जोडता येत नाही. फोन नंबरही खोटा दिला असेल, तर "नमुना पुन्हा द्यावा लागेल" एवढा साधा निरोपसुद्धा तुमच्यापर्यंत पोचत नाही. जिथे ओळखपत्र लागतं किंवा विमा कंपनी पैसे भरते, तिथे खोटं नाव देणं फसवणूक ठरू शकतं, ते वेगळंच.

नाव द्यायचं नसेल तर सरळ विचारा, "नाव न देता चाचणी करता येईल का?" नाही म्हणाले तर दुसरं केंद्र शोधा. नाव कोणतंही द्या, फोन नंबर मात्र खरा आणि फक्त तुमच्याच हातात असणारा द्या.

जायच्या आधी फोन करून काय विचारू?

चौकशी करायला नाव सांगावं लागत नाही. ओळखपत्र लागतं का, निकाल हातात देता की मेसेजनं, मेसेजमध्ये काय लिहिलेलं असतं, बिलावर चाचणीचं नाव येतं का, नोंदी किती वर्षं ठेवता, हे विचारा. आणि शेवटी हे नक्की विचारा : निकाल पॉझिटिव्ह आला, तर तो कुणाला कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे?

या शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा माणूस काय म्हणतो, त्यावरून त्या जागेची पारख होते. "काळजी करू नका हो, आम्ही कुणाला सांगत नाही" हे उत्तर नव्हे. "थांबा, समुपदेशकांना फोन देतो" हे बरं लक्षण.

माझा रिपोर्ट नेमकं कोण कोण पाहतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त माणसं. नाव नोंदवणारा, नमुना घेणारा तंत्रज्ञ, चाचणी करणारा, रिपोर्टवर सही करणारा डॉक्टर, समुपदेशक. नमुना बाहेरच्या लॅबला जात असेल तर तो नेणारा माणूस. नीट चालवलेल्या ठिकाणी यांतल्या प्रत्येकाला आपापल्या कामापुरतंच दिसतं : नमुना नेणाऱ्याला नुसता बारकोड, काउंटरवर नुसती पावती.

तुम्ही एखाद्या रुग्णालयाचे जुने रुग्ण असाल तर गोष्ट वेगळी. तिथे रिपोर्ट तुमच्या नेहमीच्या फाइलमध्ये जाऊन बसतो, आणि तुमच्यावर उपचार करणारे इतर डॉक्टर, नर्स ती फाइल उघडू शकतात. यात काही गैर नाही. उपचारासाठी ज्याला कळायला हवं त्याला कळतं, हा वैद्यकीय व्यवहारातला मान्य नियम आहे. फाइल सहज हाताशी आहे म्हणून चाळणारा कारकून त्यात बसत नाही. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या पुष्कळ रुग्णालयांत कुणी, कधी, कुठली फाइल उघडली याचीही नोंद राहते. वेळ आली तर ती मागायची असते.

फाइलच्या वेष्टनावर लाल शाईनं खूण किंवा खाटेवर पाटी लावण्याची जुनी खोड काही ठिकाणी आहे. संसर्ग टाळायला तिचा काडीचा उपयोग नाही. हातमोजे, सुयांची नीट विल्हेवाट ही खबरदारी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही. अशी खूण दिसली तर ती काढायला लावा, आणि ऐकलं नाही तर लेखी तक्रार द्या.

तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर?

भेटू शकतं. फक्त ते माणूसही तिथे कशासाठी तरीच आलेलं असतं, आणि बहुधा तुमच्याइतकंच बिचकलेलं असतं.

जिथे नाना तऱ्हेच्या तपासण्या होतात अशा साध्या लॅबमध्ये, बाकावरचा माणूस साखर तपासायला आलाय की आणखी कशासाठी, हे कुणाला कळत नाही. खास एचआयव्हीच्या केंद्रात बाहेरची पाटीच बोलते, पण आतली माणसं या कामाला सरावलेली असतात आणि तोंडाची पक्की असतात. तुम्ही राहता ती जागा जितकी लहान, तितकं थोडं लांब जाऊन चाचणी करण्यात शहाणपण.

एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निगेटिव्ह निकालाची माणसं दोन मिनिटांत बाहेर येतात, पॉझिटिव्ह आलेला अर्धा तास आत असतो, आणि बाहेर बसलेले त्यावरून हिशेब मांडतात. जाणते समुपदेशक त्यामुळेच निकाल काहीही असो, प्रत्येकाला थोडा वेळ आत बसवून घेतात. तुम्ही तुमच्या बाजूनं गर्दी नसलेली वेळ मागा, आणि नाव पुकारण्याऐवजी टोकनचा क्रमांक पुकारा म्हणून सांगा. ही मागणी कुणालाही विचित्र वाटत नाही.

निकाल मेसेज किंवा ईमेलवर घ्यावा का?

हातात घेता येत असेल तर हातात घ्या. पॉझिटिव्ह निकाल ऐकताना समोर कुणी जाणतं माणूस असलेलं बरं, हे कारण आहेच. दुसरं कारण गुप्ततेचं. मेसेज एकदा सुटला की तो कुठे कुठे दिसेल यावर तुमचा ताबा राहत नाही. फोन कुलूपबंद असला तरी पडद्यावर मेसेजची पहिली ओळ झळकते. तोच मेसेज घरातल्या लॅपटॉपवर उघड्या असलेल्या खात्यात दिसतो. रिपोर्टची फाइल डाउनलोडमध्ये पडून राहते, तिथून आपोआप बॅकअपला जाते, आणि कुटुंबाचं सामाईक खातं असेल तर भलत्याच माणसाला सापडते.

पाठवणाऱ्याच्या हातूनही घोटाळे होतात. लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्य क्लिनिकनं सप्टेंबर २०१५ मध्ये ७८१ जणांना एक माहितीपत्रक ईमेलनं पाठवलं. पत्ते लपवायच्या रकान्याऐवजी साध्या रकान्यात टाकले गेले, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. त्यांतल्या ७३० पत्त्यांत पूर्ण नाव होतं. यादीतला प्रत्येक जण एचआयव्हीबाधित नव्हता, पण पाहणाऱ्याला ते कसं कळणार? क्लिनिक चालवणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी १,८०,००० पौंडांचा दंड झाला. क्लिनिक नावाजलेलं होतं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. चुकीच्या चौकटीत पत्ते पडले, एवढंच.

डिजिटल निकाल घ्यावाच लागला, तर पासवर्ड लागणाऱ्या संकेतस्थळावर घ्या. मेसेजमध्ये "तुमचा रिपोर्ट तयार आहे" याहून जास्त काही लिहू नका असं सांगून ठेवा. फोनवर निकाल देत असतील तर एक परवलीचा शब्द ठरवून घ्या, म्हणजे फोन दुसऱ्यानं उचलला तरी निकाल त्याच्या कानी पडणार नाही. वाचून झालं की फाइल डाउनलोडमधून काढा, मग कचरापेटीच्या फोल्डरमधूनही काढा.

बिलावरून किंवा विम्यावरून घरी कळेल का?

कळू शकतं, आणि इकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. विमा आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असेल, तर कोणत्या चाचणीचे किती पैसे भरले याचं पत्रक बहुधा पॉलिसीधारकाकडे जातं. नोकरीतून मिळालेल्या विम्यात मालकाला रिपोर्ट दिसायला नको, पण दाव्याचे कागद कंपनीतल्याच कुणाच्या टेबलावरून जात असतील तर त्याचा विचार आधी करायला हवा.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एटना या विमा कंपनीनं सुमारे १२,००० ग्राहकांना एचआयव्हीच्या औषधांसंबंधी पत्रं पाठवली. पाकिटाला पत्ता दिसण्यासाठी पारदर्शक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून पत्त्याखालचा औषधांचा उल्लेखही दिसत होता. टपाल उचलणाऱ्या कुणालाही वाचता यावा असा. कंपनीला पुढे भरपाईपोटी १ कोटी ७० लाख डॉलर मोजावे लागले, पण ज्यांच्या घरी कळलं त्यांच्या घरी कळलंच.

शक्य असेल तर ही चाचणी विम्यात घालू नका. मोफत केंद्रात करा, नाहीतर रोख पैसे देऊन करा. कार्डाच्या पत्रकात आणि पेमेंट ॲपच्या इतिहासात लॅबचं नाव राहतं. टपालाचा पत्ता मागितला तर "कागद मी स्वतः येऊन नेईन" म्हणा.

मग घरीच किट आणून केली तर? तीच सगळ्यांत गुप्त नाही का?

बऱ्याच अंशी हो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये स्वतः करायच्या चाचणीची शिफारस केली, ती केंद्रात जायला कचरणाऱ्या माणसांपर्यंतही चाचणी पोचावी म्हणूनच. किट दोन तऱ्हेची मिळतात : बोटातून रक्ताचा थेंब घ्यायची आणि हिरडीवर पट्टी फिरवायची. हिरडीवरच्या द्रवात किट विषाणू शोधत नाही, शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. लाळेतून एचआयव्ही पसरतो असा अर्थ त्यातून काढू नका. तो तसा पसरत नाही.

गुप्ततेच्या बाजूनं पाहिलं तर नाव नाही, नोंद नाही, बाकावर बसणं नाही. पण किट कुठून तरी येतं. ऑनलाइन मागवलं तर मागणीचा इतिहास राहतो, पुढे काही दिवस तसल्याच जाहिराती दिसत राहतात, आणि पार्सल दुसऱ्यानं उघडण्याची भीती. दुकानातून रोखीनं घेतलेलं बरं. वापरलेलं किट आणि त्याचा खोका घरच्या कचऱ्यात वरच टाकू नका. निकालाचा फोटो काढायचा मोह आवरा.

आता किटच्या मर्यादा. दोन रेघा किंवा "रिॲक्टिव्ह" म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी केंद्रात आणखी चाचण्या कराव्याच लागतात, कारण एका किटच्या भरवशावर कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. निगेटिव्हही तेव्हाच खरं, जेव्हा संबंधाला पुरेसे दिवस उलटले असतील. एचआयव्ही टाळायची औषधं, म्हणजे संबंधाआधीपासून घ्यायचं प्रेप किंवा संबंधानंतर लगेच घ्यायचं पेप, घेत असाल किंवा आधीपासूनच उपचारांवर असाल, तर घरच्या किटवर अवलंबून राहू नका, निकाल चुकू शकतो. आणि रात्री एकट्यानं ती दुसरी रेघ पाहायची आपली तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा. विश्वासाचं एक माणूस किंवा हेल्पलाइनचा नंबर हाताशी असू द्या.

मोठा धोका वेगळाच आहे. ज्या चाचणीत कुणाला काही कळत नाही, ती दुसऱ्याला जबरदस्तीनं करायलाही वापरता येते. नवरा बायकोला, घरचे होणाऱ्या सुनेला, "करून दाखव" म्हणतात. ही चाचणी स्वतःची स्वतः करायची आहे. दुसऱ्याच्या हुकुमावरून नाही.

पॉझिटिव्ह आलं तर सरकारला कळतं का?

अनेक देशांत नव्या रुग्णांची नोंद आरोग्य खात्याकडे जाते. साथ किती पसरली आहे आणि औषधं किती लागतील, हे त्याशिवाय समजत नाही. ती नोंद कशी जाते हा खरा प्रश्न. काही ठिकाणी नावासकट, काही ठिकाणी कोडनं. जर्मनीत लॅबकडून जाणाऱ्या एचआयव्हीच्या नोंदीत नाव नसतं. केंद्राला फोनवर शेवटी विचारायचा जो प्रश्न वर सांगितला, तो यासाठीच.

नावांची यादी तयार झाली की ती सांभाळण्याची जोखीमही येते. जानेवारी २०१९ मध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की एचआयव्ही नोंदवहीतली १४,२०० माणसांची माहिती बेकायदा बाहेर गेली आणि इंटरनेटवर टाकली गेली. त्यात नावं होती, पत्ते होते, फोन नंबर होते. हे बाहेरच्या हॅकरचं काम नव्हतं. नोंदवही पाहण्याचा अधिकार असलेल्या एका डॉक्टरच्या जोडीदाराकडे ती माहिती पोचली होती. हे वाचून धडकी भरते, मान्य. पण अशी यादी बाधितांची असते, चाचणी करणाऱ्या सगळ्यांची नाही. आणि यादीत नाव नको म्हणून औषधाविना राहणं हा फार महागातला सौदा आहे.

जोडीदाराला केंद्रातून कळवतात का?

तुमच्या नकळत, परस्पर फोन करून सांगणं ही पद्धत नाही. निकाल पॉझिटिव्ह आला की समुपदेशक विचारतात, "जोडीदाराला तुम्ही सांगणार की आम्ही मदत करू?" तुम्ही स्वतः सांगू शकता, समुपदेशकांसमोर दोघं बसून बोलू शकता, किंवा तुमच्या संमतीनं आरोग्य कर्मचारी जोडीदाराशी संपर्क साधतात. या शेवटच्या प्रकारात तुमचं नाव घेत नाहीत. "तुमचा एचआयव्हीशी संपर्क आलेला असू शकतो, चाचणी करून घ्या," एवढंच सांगतात. अर्थात ज्याचा एकच जोडीदार आहे, त्याला नाव न घेताही कळतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

कायद्यानं काही ठिकाणी डॉक्टरला अपवाद करून दिलेला आहे. भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं उदाहरण घ्या. जोडीदाराला मोठा धोका आहे असं डॉक्टर किंवा समुपदेशकाला वाटलं, समजावूनही रुग्ण स्वतः सांगत नसला, आणि "आता मी सांगणार आहे" अशी पूर्वकल्पना रुग्णाला दिलेली असली, तरच त्यांना जोडीदाराला सांगता येतं. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर त्याचाही विचार त्या कायद्यात आहे. काही देशांत उलट बाजूचे कायदे आहेत : स्वतःला माहीत असून जोडीदाराला न सांगणं हा गुन्हा ठरतो. तुमच्याकडे काय आहे ते समुपदेशकांना विचारा, ते रोज याच गोष्टी बोलतात.

घरात जिवाला धोका असेल, तर ते समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगा. कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा आणि कधीच करायचा नाही, हे लिहून घ्यायला लावा.

नोकरीच्या ठिकाणी चाचणी मागितली तर?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २०१० ची शिफारस क्रमांक २०० स्पष्ट आहे : कामगार, स्थलांतरित कामगार किंवा नोकरीचे उमेदवार, कुणाकडूनही एचआयव्ही चाचणी मागू नये आणि निकाल सांगायला भाग पाडू नये. ही शिफारस आहे, प्रत्येक देशाचा कायदा नव्हे, त्यामुळे ती पाळलीच जाते असं नाही. किमान नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत सही करण्यापूर्वी चाचण्यांची यादी वाचा. "व्हायरल मार्कर" या नावाखाली कावीळ आणि एचआयव्ही एकत्र बसवलेले असतात.

मला न विचारताच चाचणी केली तर?

चूक आहे. संमती, गुप्तता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या उपचारांशी जोडणी, या पाच गोष्टी प्रत्येक एचआयव्ही चाचणीत हव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि संमतीचा क्रमांक त्यात पहिला आहे. शस्त्रक्रियेआधी किंवा गर्भारपणात ही चाचणी नेहमीच्या तपासण्यांत धरलेली असते. तिचा फायदाही आहे : आईचं वेळेवर कळलं तर बाळाला लागण होणं बहुतेक वेळा टाळता येतं. तरी "ही चाचणी करतोय, नको असेल तर सांगा" एवढं विचारायलाच हवं. आणि निकाल आधी तुम्हाला. बरोबर आलेल्या नातेवाइकांना नाही.

रक्तदान केलं की आपोआप कळेल, हे खरं का?

यासाठी रक्तदान करू नका. लागण नवी असेल तर रक्तपेढीच्या चाचणीतूनही ती निसटू शकते आणि ते रक्त दुसऱ्याला चढतं. शिवाय तिथे तुमचं नाव, पत्ता सगळं नोंदलेलं असतं.

वय अठराच्या आत असेल तर पालकांना कळेल का?

देशागणिक नियम वेगळे. काही ठिकाणी किशोरवयीन मुलांना स्वतःच्या संमतीनं चाचणी करता येते, काही ठिकाणी पालकांची सही लागते. आधी नाव न सांगता हेल्पलाइनला किंवा केंद्राला फोन करा आणि वय सांगून विचारा. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर काही देशांत तो पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक असतं, तेही फोनवरच विचारून घ्या. त्या अवस्थेत चाचणीपेक्षा आधी लागतं ते औषध. पुढचा प्रश्न वाचा.

संबंधानंतर किती दिवसांनी चाचणी करायची? पुन्हा पुन्हा जायला नको म्हणून विचारतोय.

संबंधाला ७२ तास झाले नसतील तर चाचणीची वाट पाहत बसू नका. पेप नावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्यासाठी रुग्णालयात जावंच लागतं. इथे गुप्ततेसाठी दोन दिवस विचार करायला सवड नाही.

७२ तास उलटले असतील, तर शिरेतून रक्त घेऊन प्रतिजन (म्हणजे विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंडं दोन्ही पाहणारी लॅबची चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवते. नुसती प्रतिपिंडं पाहणाऱ्या चाचण्यांना, ज्यांत बहुतेक घरगुती किट येतात, २३ ते ९० दिवस लागतात. विषाणूच शोधणारी महागडी चाचणी १० ते ३३ दिवसांत दाखवते. एकाच भेटीत निपटवायचं असेल तर ४५ दिवस होऊ द्या आणि शिरेतल्या रक्ताची लॅबमधली चाचणी करा.

डेटिंग ॲपवर "शेवटची चाचणी" भरायला सांगतात. भरू का?

तिथे रुग्णालयासारखं बंधन नसतं. ग्राइंडर हे ॲप वापरकर्त्यांची एचआयव्हीची स्थिती आणि चाचणीची तारीख दोन बाहेरच्या कंपन्यांना पुरवत होतं, हे २०१८ मध्ये उघड झालं. बोभाटा झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. जोडीदाराशी बोलायचं ते बोला, पण ॲपच्या रकान्यात भरायची सक्ती नाही.

पॉझिटिव्ह आलं तर कुणाकुणाला सांगावं लागेल?

उपचार करणाऱ्या डॉक्टरला आणि जोडीदाराला. बाकी कुणाला लगेच सांगायचं बंधन नाही. पहिल्या दिवशीच्या घबराटीत माणूस दिसेल त्याला सांगून टाकतो, आणि सांगितलेलं परत घेता येत नाही. एक माणूस निवडा, ज्यानं पूर्वी तुमचं काही गुपित राखलंय. उपचार सुरू होऊन रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. ही गोष्ट हाताशी असली की सांगणं पुष्कळ सोपं जातं, म्हणून बाकीच्यांना सांगायचं ते तेव्हा सांगितलं तरी चालतं.

एवढं करून माहिती फुटलीच तर?

आधी कळलेल्या माणसाशी भांडायला जाऊ नका, त्यानं ऐकणारे वाढतात. कुणाला, कधी, कशावरून कळलं हे तारखेसह लिहून ठेवा. मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. केंद्राच्या प्रमुखाला लेखी तक्रार द्या आणि फाइल कुणी उघडली याची नोंद मागा. तक्रारीत निकाल काय होता हे लिहायची गरज नाही, "माझी वैद्यकीय माहिती" एवढं पुरतं. तिथे दाद लागली नाही तर विदा (म्हणजे डेटा) संरक्षण किंवा आरोग्य यंत्रणेकडे जायचं. कोर्टात जायची वेळ आली, तर नाव बदलून खटला चालवण्याची मुभा काही देशांत आहे, भारताच्या कायद्यातही आहे. वकिलाला ते पहिल्यांदा विचारा, कारण अर्जावर नाव चढल्यानंतर ही सोय मागून फारसा उपयोग नसतो.

निगेटिव्ह रिपोर्टचं काय करू?

तारीख लक्षात ठेवा आणि कागद फाडून टाका, कुठे दाखवायचा नसेल तर. "निगेटिव्ह आहे, कुणी पाहिला तर काय झालं" असं वाटतं खरं, पण पाहणारा चाचणी का केली तेच आधी विचारतो.